वीस प्रश्न आणि मनातलं एक नाव



दिवाळीचा फराळ संपला, घड्याळं तासभर मागे गेली आणि संध्याकाळी पाचलाच अंधार पडायला लागला. आता मार्च उजाडेपर्यंत आपलं सगळं जाणं-येणं म्हणजे कुणाच्या तरी घरी जमणं. जेवणं होतात, अंताक्षरी होते, पत्ते होतात, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "मी एक प्रसिद्ध माणूस मनात धरलाय. ओळखा पाहू." उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रश्न वीस. ना पट लागतो, ना सोंगट्या.

या खेळाचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे आणि त्यात बडी बडी माणसं आहेत. जरा लांबण लागेल, चहा घेऊनच बसा.

सुरुवात लंडनपासून करू. १८१७ ते १८२५ या काळात रिचर्ड रश नावाचे गृहस्थ तिथे अमेरिकेचे वकील होते. त्यांनी आपल्या लंडनच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत जॉर्ज कॅनिंग या ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याबरोबर झालेल्या अशाच एका खेळाचं वर्णन आहे. जेवणं झालेली, भोवती राजदूत आणि मुत्सद्दी बसलेले, आणि विचारणारा कोण तर ज्याच्या शब्दावर युरोपातली राजकारणं हलायची तो कॅनिंग. वीस प्रश्न संपले, कॅनिंगसाहेबांनी डोकं खाजवलं आणि उत्तर दिलं: लॉर्ड हाय स्टुअर्डची छडी. ते बरोबर निघालं!

आता हा लॉर्ड हाय स्टुअर्ड म्हणजे रोज दिसणारा अंमलदार नव्हे. राज्याभिषेकासारख्या एखाद्या प्रसंगापुरतीच त्या पदावर नेमणूक होते. चौथ्या जॉर्जचा राज्याभिषेक १८२१ साली झाला होता, म्हणजे तो सोहळा त्या खोलीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता. कॅनिंग हुशार होता यात वाद नाही, पण त्याच रात्री त्याला लंडन बंदरातल्या हमालांच्या घोळक्यात बसवलं असतं, आणि त्यांनी त्यांच्या अड्ड्यावरच्या एखाद्या नामांकित पैलवानाचं नाव मनात धरलं असतं, तर वीस काय, दोनशे प्रश्नांतही त्याला ते आलं नसतं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळी पहिला प्रश्न ठरलेला असे: प्राणी, वनस्पती की खनिज? सृष्टीची ही तीन राज्यांत वाटणी म्हटली की लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाचं नाव येतं. ती त्याने १७३५ साली छापलेल्या ग्रंथात मांडली आहे. माणूस अर्थातच 'प्राणी' या खात्यात. आणि याच गोष्टीचा फायदा चार्ल्स डिकन्सने घेतला. त्याच्या १८४३ सालच्या नाताळाच्या गोष्टीत, म्हणजे 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये, कंजूष स्क्रूजचा भाचा घरी जमलेल्यांबरोबर 'हो आणि नाही' नावाचा खेळ खेळतो. भाच्याने मनात काय धरलंय? जिवंत प्राणी आहे, तिरसट आहे, गुरगुरतो, लंडनमध्ये राहतो, रस्त्यावरून हिंडतो, पण त्याला कुणी दोरी बांधून नेत नाही. गाढव? नाही. अस्वल? नाही. शेवटी मेहुणी ओरडते, अहो, हा तर तुमचा स्क्रूज मामा! सगळे पोट धरून हसतात, आणि मामा स्वतः अदृश्य रूपात तिथेच उभा राहून सगळं ऐकत असतो. माझ्या मते या खेळाचं याहून नेमकं चित्र साहित्यात नाही. स्क्रूज जगप्रसिद्ध नव्हता, पण त्या एका खोलीपुरता होता, आणि खेळ रंगायला तेवढं पुरलं.

आपल्याकडे असलं काही नव्हतं का? कोडी होती, उखाणे होते, यक्षप्रश्न तर होतेच. पण यक्षप्रश्नात विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं आणि घाम युधिष्ठिराला फुटतो. इथे उलटं. ज्याला ठाऊक आहे तो गप्प, आणि ज्याला ठाऊक नाही त्याने विचारायचं. उखाण्यात मात्र थोडा संबंध सापडतो. नवऱ्याचं नाव सरळ उच्चारायचं नाही, आडवळणाने आणायचं, आणि ऐकणाऱ्या बायकांना ते आधीच माहीत असायचं! असो.

या खेळाला हंगेरीत जे नाव आहे ते ऐकून इस्रायलमधले आपले मराठी वाचक चमकतील. हंगेरियन लोक याला 'बारकोखबा' म्हणतात. इ. स. १३२ ते १३५ या काळात रोमन सत्तेविरुद्ध यहुद्यांचं जे बंड झालं, त्याचा नेता बार कोखबा. लाग बाओमेरच्या होळ्या पेटतात तेव्हा त्याची आठवण काढतात. कथा अशी, की बार कोखबाने रोमनांच्या छावणीत एक हेर पाठवला होता. तो पकडला गेला. रोमनांनी त्याची जीभ छाटली, हात तोडले आणि त्याला तसाच परत सोडला. त्याला बोलता येईना, लिहिता येईना. तेव्हा बार कोखबाने त्याला एकेक प्रश्न विचारला आणि तो मान हलवून हो-नाही सांगत गेला. छावणीची सगळी खबर अशी बाहेर आली. कथा उघडच नंतर रचलेली दिसते, तिला इतिहास म्हणू नये. पण हिच्यामुळे खेळाकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं खरं. हो आणि नाही एवढी दोनच उत्तरं उरली, तरी विचारणारा नीट असेल तर काहीही कळू शकतं.

किती नीट? याचं गणित हंगेरीच्याच आल्फ्रेड रेन्यी या गणितज्ञाने मांडलंय. माहितीचं मोजमाप कसं करायचं हे सांगण्यासाठी त्याने एका काल्पनिक विद्यार्थ्याची रोजनिशी लिहिली, आणि त्यात बारकोखबाचं उदाहरण घेतलं. तत्त्व साधं आहे. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यता बरोबर निम्म्या करायच्या. मग १० प्रश्नांत १,०२४ नावांतून एक निवडता येतं आणि २० प्रश्नांत १०,४८,५७६ मधून. पुढे जा. ३३ प्रश्नांत ८५८ कोटींच्या वर माणसांतून एक! २०२२ च्या नोव्हेंबरात जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. म्हणजे आज पृथ्वीच्या पाठीवर हयात असलेला कुठलाही माणूस मनात धरा, तो ३३ प्रश्नांत सापडायला हवा.

हवा, पण सापडत नाही. कारण निम्मं करायचं तर विचारणाऱ्याकडे आधी पूर्ण यादी पाहिजे. यादीत नाव नसेल तर ३३ प्रश्न विचारा नाहीतर ३३ कोटी, देवसुद्धा सांगणार नाहीत. आणि हा खेळ चालतो तो दोघांच्या मनात साधारण एकच यादी असते तेवढ्यावर. गणितात ही गोष्ट गृहीत असते. घरात मात्र सगळी भांडणं तिथेच लागतात: "हा कुठला प्रसिद्ध? आम्ही नाव पण ऐकलं नाही!"

या भांडणावर एक तोडगा निघाला, आणि तोच मला सगळ्यांत मजेशीर वाटतो. खेळाच्या एका भावंडाचं नावच आहे 'बोत्तिचेल्ली'. यात मनातल्या माणसाच्या आडनावाचं पहिलं अक्षर सांगायचं, आणि अट अशी की तो माणूस निदान बोत्तिचेल्ली या इटालियन चित्रकाराएवढा तरी प्रसिद्ध असला पाहिजे. झाली मोजपट्टी तयार! पण गंमत बघा. हा बोत्तिचेल्ली १५१० साली फ्लॉरेन्समध्ये वारला आणि त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं लोक त्याला विसरून गेले होते. आज ज्याचं शुक्रदेवीचं चित्र चहाच्या कपांवरसुद्धा छापतात, त्याच्यावर १८७० साली वॉल्टर पेटरने निबंध लिहिला, तेव्हा पेटरलाही त्याला दुय्यम चित्रकार म्हणूनच वाचकांपुढे ठेवावं लागलं. म्हणजे १७५० साली कुणी हा खेळ काढला असता, तर खुद्द बोत्तिचेल्ली या परीक्षेत नापास झाला असता. प्रसिद्धीची पट्टी म्हणून जो माणूस घेतला, तोच मधली तीन शतकं हरवलेला.

बोत्तिचेल्ली खेळायची रीत थोडी निराळी आहे. समजा मी 'त' अक्षर दिलं. तुम्हाला लगेच हो-नाहीचा प्रश्न विचारता येत नाही, आधी मला अडवावं लागतं. तुम्ही म्हणता, "तुम्ही आंतरराष्ट्रीय क्रिकेटात शंभर शतकं काढलीत का?" मी म्हणायचं, "नाही, मी सचिन तेंडुलकर नाही." मी वाचलो. दुसरा म्हणतो, "१९७२ साली रंगभूमीवर आलेलं, पुण्यात मोठं वादळ उठवणारं नाटक तुमचं का?" "नाही, मी विजय तेंडुलकर नाही." पुन्हा वाचलो. मग कोपऱ्यातले आजोबा घसा खाकरून विचारतात, "महात्मा गांधींचं आठ खंडांचं इंग्रजी चरित्र तुम्ही लिहिलंत का?" इथे माझी दांडी गुल. उत्तर आहे दी. गो. तेंडुलकर, ते चरित्र १९५१ ते १९५४ मध्ये बाहेर पडलं. आजोबांनी मला अडवलं, म्हणून त्यांना आता एक खरा प्रश्न विचारायचा हक्क मिळाला.

एकच आडनाव, आणि कुणाला कोण आठवतो त्यावरून ऐकणाऱ्याचं वय जवळजवळ सांगता येईल. इथे वाढलेल्या पोरांना फार तर सचिन, तोही घरात क्रिकेट बघत असतील तर. सचिन २०१३ साली निवृत्त झाला, म्हणजे आता शाळेत जाणाऱ्या पोरांनी त्याला भारताकडून खेळताना पाहिलेलंच नाही. विजय तेंडुलकरांना जाऊन (२००८) बरीच वर्षं झाली. दी. गो. तर आपल्यातल्याही कितीजणांना ठाऊक आहेत, देव जाणे.

रेडिओ आला आणि खोली मोठी झाली. अमेरिकेत 'ट्वेंटी क्वेश्चन्स' हा कार्यक्रम म्युच्युअल नभोवाणीवर १९४६ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. तो काढणारे फ्रेड व्हॅन डेव्हेंटर हे बातम्या सांगणारे गृहस्थ. हा खेळ त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर चालायचाच. त्यांनी बायको-मुलांसकट सगळं घरच रेडिओवर नेऊन बसवलं. श्रोत्यांना उत्तर आधीच हळू आवाजात सांगून टाकायचे, म्हणजे तज्ज्ञ मंडळी चाचपडताना ऐकायला मजा. लोक मनातल्या वस्तू पत्राने पाठवायचे. सगळ्यांत जास्त वेळा काय आलं असेल? चर्चिलची सिगार! युद्ध नुकतंच संपलेलं, तेव्हा किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सगळ्या अमेरिकेच्या यादीत ही वस्तू होती. बीबीसीने १९४७ साली आपला कार्यक्रम काढला, तो १९७६ पर्यंत चालला.

दूरदर्शन संचावर याचा चुलत भाऊ आला, 'व्हॉट्स माय लाइन', १९५० ते १९६७. पाहुण्याचा धंदा ओळखायचा. पण शेवटी एक नामवंत पाहुणा यायचा, आणि तो दिसू नये म्हणून विचारणारे डोळ्यांवर पट्ट्या बांधायचे. बिचाऱ्या नामवंतांना आवाज बदलून, किरटं बोलून उत्तरं द्यावी लागत. १९५७ साली चित्रकार साल्व्हादोर दाली आला आणि त्याने धमाल उडवली. तुम्ही लेखक आहात? हो. रंगभूमीशी, पडद्याशी संबंध? हो. खेळाशी? तेही हो! सूत्रधाराला मधे पडून सारखं सांगावं लागत होतं, की ही उत्तरं जरा सांभाळून घ्या. दाली खोटं बोलत होता असंही म्हणता येत नाही, त्याने खरंच अर्ध्याहून अधिक गोष्टी करून पाहिल्या होत्या. शेवटी त्याच्या त्या जगप्रसिद्ध मिशांनी त्याला पकडून दिला. सगळ्याच खात्यांत बसणारा माणूस हो-नाहीत सापडत नाही, हे त्या रात्री लाखो लोकांनी पाहिलं.

आपल्याकडचं असंच उदाहरण म्हणजे बालगंधर्व. घरी करून बघा. "पुरुष?" हो. "गाणारे?" हो. "शालू नेसायचे?" हो. "बायका त्यांच्यासारखं नेसायला बघायच्या?" हो! इथे वाढलेली पोरं या चौथ्या उत्तरापाशी डोळे मोठे करून ऐकायला लागतात. त्यांना नाव ओळखता येत नाही, पण नाव सांगितल्यावर पुढचा अर्धा तास बालगंधर्वांवरच जातो. मग संगणकावर नाट्यगीतं शोधली जातात. हरलेला डाव असा कामी येतो.

आता मुलांच्या खेळण्याकडे. 'गेस हू' आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे, निदान तळघरात तरी. २४ चेहरे, टोपी आहे का, चष्मा आहे का, असं विचारत एकेक चेहरा पाडायचा. हा खेळ १९७९ साली बाजारात आला. तो इस्रायलमधल्या ओरा आणि थिओ कोस्टर या जोडप्याने काढला. थिओ कोस्टर ॲम्स्टरडॅमच्या शाळेत ॲन फ्रँकच्या वर्गात होता. नाझींच्या काळात लपून राहून तो वाचला आणि पुढे इस्रायलला गेला, २०१९ साली वारला. ज्याचं लहानपण आपण कोण आहोत हे कुणाला कळू नये म्हणून लपण्यात गेलं, त्याने पुढे चेहऱ्यांवरून माणूस ओळखायचा खेळ करावा! या दोन गोष्टींचा संबंध लावायचा मोह होतो, पण तो आपला. त्याने तसं काही मनात ठेवलं होतं असं मी म्हणणार नाही.

त्या मूळच्या २४ चेहऱ्यांत बायका पाचच होत्या. त्यामुळे मुलीचं कार्ड आलं की एका प्रश्नात १९ चेहरे आडवे, आणि डाव जवळपास हरल्यात जमा. २०१२ साली सहा वर्षांच्या एका मुलीने कंपनीला पत्र लिहून याचा जाब विचारला, तेव्हा ते बातम्यांत आलं. रेन्यीचं निम्म्या-निम्म्याचं गणित त्या पोरीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की यादी करणाऱ्याने कुणाला किती जागा दिली.

आणि हल्ली यादी यंत्राकडे आहे. २००७ साली फ्रान्समधल्या एका कंपनीने अकिनेटर नावाचा पगडीवाला जिनी संगणकावर आणला. तुम्ही नाव मनात धरा, तो विचारत जातो आणि बहुतेक वेळा ओळखतो. जादू काही नाही. आधी खेळून गेलेल्यांनी दिलेली उत्तरं त्याने साठवलेली असतात. जे नाव लोकांनी मनात धरलं, ते त्याच्या यादीत. जे कुणीच धरलं नाही, ते नाही. मुलं तासन् तास खेळतात. माझी तक्रार एकच, की यंत्राशी खेळताना हरल्यावर "अरे, म्हणजे कोण हे?" असं विचारणारं समोर कुणी नसतं.

म्हणून मला वाटतं, आपल्या जमण्यात हा खेळ माणसांनीच खेळावा, आणि "हा कुठला प्रसिद्ध" ही हरकत घेऊ नये. उदाहरणार्थ 'ख' द्या. "तुम्ही गदर चळवळीत होतात का?" हो. "मेक्सिकोत शेतीशास्त्र शिकवलंत का?" हो. "डिएगो रिव्हेराने मेक्सिको शहरातल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर तुम्हाला रंगवलंय का?" हो! हे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषी विद्यापीठात २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. आणि आपल्याकडे? मुंबईत किंवा शिकागोत कुठल्याही मराठी घरात हे नाव टाकून बघा. बोत्तिचेल्लीची पट्टी लावली तर बाद होतील. मग ती पट्टी फेकून द्यावी लागली तरी चालेल. खेळात आलेलं नाव निदान त्या रात्रीपुरतं दहा डोक्यांत जातं. न आलेलं नाव कधीतरी शेवटच्या ठाऊक असणाऱ्याबरोबर संपतं, कुणाच्या लक्षातही न येता.

बरं, आता माझा डाव. मनात एक नाव धरलंय. आमच्याकडे झालेले पहिले दहा प्रश्न असे:

हयात आहे? नाही. बाई आहे? हो. मराठी? हो. जन्म १९०० च्या आधीचा? हो. लेखनासाठी प्रसिद्ध? नाही. अमेरिकेत राहिलेली? हो. तिथेच वारली? नाही. मग तिची रक्षा महाराष्ट्रात आहे? नाही. (इथे सगळे गोंधळले.) वयाची पंचविशी गाठली? नाही. तिचं नाव आकाशात कुठे आहे का? हा प्रश्न एका दहा वर्षांच्या पोराने उगाच, गंमत म्हणून विचारला होता. उत्तर: हो, शुक्रावर.

उरलेले दहा प्रश्न तुमचे.